ज्या खुणेला रकाना नव्हता

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. बाबा तुझी आठवण काढतात, म्हणजे रोज जेवताना तुझ्या नावानं खडे फोडतात. कागदावर लिहितेय कारण ऑफिसची मेल आमच्या कंपनीत तीन जण वाचतात, आणि तुरुंगाच्या फाटकावर फोन काढून घेतात. कागद-पेन मात्र राहू देतात, आणि तू तर घरात फोनच ठेवत नाहीस.

हो, तुरुंग. गेले पाच महिने मी इथली नवी संगणक-यंत्रणा करणाऱ्या गटाची प्रमुख आहे. आत येणारा कैदी कुठल्या बराकीत, कुणाच्या शेजारी झोपणार, हे यापुढे यंत्रणा ठरवेल. सव्वीस वर्षं हे काम एक जमादार करतात. एक जाडजूड वही, कानामागे शिसपेन्सिल, आणि तोंडात कायम मिठाची गुळणी. काहीही विचारा, उत्तर एकच: "ते बघितल्यावर कळतं, मॅडम."

आज नोंदणीच्या खोलीत फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायची चाचणी होती. जमादार पाच मिनिटं बाहेर गेले होते. बाकावर दोन कैदी शेजारी शेजारी बसले होते. एकानं दुसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठला, स्टूल उचललं आणि त्याच्या जबड्यावर घातलं. आत्या, ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो खाली पडला तरी हा मारतच होता, आणि मोजल्यासारखा शांतपणे मारत होता. एक दात माझ्या कीबोर्डवर येऊन पडला. चार शिपायांनी त्याला ओढला तेव्हा खालच्याला तोंड असं उरलं नव्हतं.

जमादार धावत आले. रक्ताकडे बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "या दोघांना एका बाकावर कुणी बसवलं?"

मी कीबोर्ड पुसायला घेतला. गोंधळात झालं असेल.

तुझ्याकडून मदत हवी आहे. यंत्रणा कशा उभ्या राहतात आणि का कोसळतात, यावर तू चाळीस वर्षं संशोधन केलंस. आम्हाला कॉलेजात तुझा तो गाजलेला निबंध होता: नव्या यंत्रणेला विरोध करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे चार प्रकार. त्यातले जमादार कोणते? आणि अशा माणसाकडून माहिती काढायची कशी?

तुझी,
बारकी

११ फेब्रुवारी

चि. बारके,

अनेक आशीर्वाद आणि एक कानपिचकी. तो निबंध फाडून टाक. फाडवत नसेल तर कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घाल, तेवढा तरी उपयोग होईल.

आमच्या विषयाचा इतिहास तुला दोन ओळींत सांगते. परीक्षेत असा लिहिला असतास तर नापास झाली असतीस. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, यंत्रणा करणं म्हणजे घर बांधणं. मालकाला विचारा, नकाशा काढा, विटा रचा. घरं पडायला लागली तेव्हा आम्ही म्हणालो, नकाशा उत्तम होता, राहणारेच अडाणी. माझा निबंध त्या काळातला. मग काही शहाणी माणसं म्हणाली, अहो, राहणाऱ्यांना आधी विचारा तरी. त्यानंतरचे म्हणाले, विचारूही नका, त्यांच्याजवळ बसा, कारण माणूस जे करतो ते त्याला सांगता येतंच असं नाही. थोडक्यात, पहिली पंधरा वर्षं आम्ही यंत्राकडे बघितलं, पुढची पंधरा माणसांकडे, आणि शेवटची दहा एकमेकांच्या निबंधांकडे.

तेव्हा जमादारांकडून काही काढायला जाऊ नकोस. दात काढतात, काटा काढतात. माहिती काढत नाहीत. एक महिना त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बस. (जड स्टूल नको. तुझं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.)

आणि एक विचारते. त्यांना बाकावर कुणी बसवलं, याचं उत्तर तू मलाही दिलं नाहीस. तुला माहीत नसतं तर तू चार पानं तर्क लढवले असतेस. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही तू "गोंधळात फुटली" असंच म्हणाली होतीस.

तुझी,
आत्या

२ मार्च

ती. आत्या,

महिना कुठला, चार दिवस मिळाले. उद्घाटनाची तारीख १४ मार्च ठरली आहे आणि अधीक्षक साहेबांनी ती वरपर्यंत कळवूनही टाकली.

पण चार दिवस बसले. नवा कैदी आला की जमादार त्याचा गुन्हा विचारत नाहीत. "जेवलास का?" विचारतात. त्याचे हात बघतात. मग कुठल्या तरी जुन्या कैद्याला पाणी आणायला लावतात आणि दोघांचे चेहरे बघत बसतात. मग वहीत नाव, बराक, आणि नावापुढे पेन्सिलीनं एक खूण. कधी ठिपका, कधी आडवी रेघ, कधी फुली, कधी दोन खुणा एकत्र.

"हे काय आहे, काका?"

"खूण."

"कशाची?"

"माझी."

मी म्हटलं, यंत्रणेत या खुणांसाठी रकाना करू का? त्यांनी वही मिटली. "नको. ज्याला रकाना नाही तेच बरं असतं."

ते काही संत नाहीत हं. गुरुवारी शिवणखात्यात एकानं दुसऱ्याच्या मांडीत कात्री खुपसली. मुठीपर्यंत. जमादारांनी कात्री न काढता जखमेवर पाय दाबून धरला, आणि मारणाऱ्याच्या कानफटात अशी लगावली की तो शिलाई-यंत्रावर जाऊन पडला. मग आजूबाजूच्या सगळ्यांना एकेक ठेवून दिली. "बघत उभे होतात म्हणून," म्हणाले. त्या खात्यात एक कैदी आहे, सगळे त्याला शिंपी म्हणतात. सगळं शांत झाल्यावर त्यानं गुपचूप माझ्या बॅगेचा तुटलेला पट्टा मागून घेतला आणि शिवून दिला. कापडावर रक्ताचे शिंतोडे होते, ते आधी पुसले. "टाका घट्ट आहे, ताई. तुमच्या लेकीलाही पुरेल." मला लेक नाही हे त्याला सांगवलं नाही.

यंत्रणेत आम्ही सगळं घेतलंय: वय, गुन्हा, शिक्षा, आजार, टोळी. चाचणीत एकही चूक नाही. फक्त खुणा राहिल्यात, आणि त्या सांगायला जमादार तयार नाहीत. साहेब काल म्हणाले, "सहकार्य न करणाऱ्यांची नावं मला लेखी द्या. कुणावर कारवाई करायची नाही, आपल्या माहितीसाठी." तुझ्या निबंधातल्या तक्त्याप्रमाणे जमादार तिसऱ्या प्रकारात बसतात, "ज्ञान हीच सत्ता मानणारे". मी तसंच लिहायचं म्हणतेय. तुझं मत लगेच कळव.

बारकी

७ मार्च

बारके,

पत्र आत्ता मिळालं. नाव लिहून देऊ नकोस. कारवाई करायची नाही असं जो आपणहून सांगतो, त्याचं कारवाईचं ठरलेलं असतं. काहीही कारण सांग. आजारी पड. पाय मोड. पण तो कागद देऊ नकोस.

का, ते नंतर लिहीन. आधी हे टपालात टाकते.

आत्या

२० मार्च

आत्या,

तुझं पत्र ११ तारखेला मिळालं. कागद मी ६ तारखेलाच दिला होता. दीड पान, खाली सही, आणि आधार म्हणून तुझ्या निबंधाचं नाव.

सात तारखेला जमादारांची बदली कोटाच्या मनोऱ्यावर झाली. माणसांमध्ये आयुष्य काढलेल्याला भिंतीवर बसवलं. जाताना त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, शिंप्याला हलवू नका." मी कारण विचारलं. त्यांनी खोलीतल्या शिपायांकडे एकदा बघितलं आणि निघून गेले.

१४ तारखेला उद्घाटन झालं. यंत्रणेनं तीनशे बारा माणसांची नवी वाटणी चाळीस सेकंदांत केली. टाळ्या वाजल्या. शिंप्याचं नाव चौथ्या बराकीत आलं. मी त्याच्या नोंदीवर क्लिक करून बघितलं, आत्या. वय जुळत होतं, गुन्हा जुळत होता, टोळी नव्हती, कुणाशी वैराची नोंद नव्हती. हलवू नये असं एकही कारण पडद्यावर दिसत नव्हतं. आणि साहेब मागे उभे होते.

तीन दिवस काही झालं नाही. १७ ला सकाळी जेवण वाटताना मी चौथ्या बराकीच्या कचेरीत होते, मध्ये फक्त जाळी. शिंपी रांगेत उभा होता. तिघे जण रांग सोडून त्याच्यामागे आले. ताटाचा पत्रा फरशीवर घासून घासून धार काढली होती. एकानं केस धरून त्याचं डोकं मागे खेचलं, दुसऱ्यानं पत्रा गळ्यावरून ओढला, एकदा नाही, करवतीसारखा, कारण पत्रा तो पत्राच. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या हातात बॅग होती.

शिपाई आत धावला. त्याला दोन मुली होत्या, फोटो दाखवायचा. तोच पत्रा त्याच्या पोटात गेला. मग बराकच फुटली. ज्याला ज्याच्यावर राग होता तो त्याच्यावर तुटून पडला, बादल्या, पाइप, दात, जे मिळेल ते. एकाचं डोकं नळाच्या खांबावर कुणीतरी आपटत होतं आणि प्रत्येक आपटीला आकडा म्हणत होतं. मी हे सगळं बघत होते आणि माझ्यासमोर पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: बराक चार, क्षमता चाळीस, हजर चाळीस, स्थिती सामान्य.

जमादार मनोऱ्यावरून खाली पळत आले. काठीसुद्धा घेतली नव्हती. शिपाई ढाली घेऊन फाटकाशी थांबले होते आणि हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस त्यांना ढकलून आत शिरला. एकेकाला हाक मारत. नावानं नाही, तिथल्या टोपणनावांनी, आईनं हाक मारावी तशी. आणि आत्या, माणसं थांबत होती. हातातलं खाली टाकत होती. सात-आठ जण थांबले असतील, एवढ्यात मागून कुणीतरी पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण त्यांच्या डोक्यात घातलं.

दोघं मेले. अकरा जण जखमी. जमादार अजून शुद्धीवर नाहीत.

त्या दिवशी बाकावर त्या दोघांना मीच बसवलं होतं. पहिल्याला मी "तिकडे सरका" म्हणाले, आणि दुसऱ्याला "बसा". फोटोच्या रांगेला वेळ लागत होता.

बारकी

२६ मार्च

बारके,

तुझं पत्र हातात धरून मी दिवसभर बसले. तुला धीर देणार नाही. धीर द्यायला मी कोण? तुझ्या त्या कागदावर माझंही नाव आहे. आता ऐक.

मी सत्तावीस वर्षांची होते. लोखंड ओतण्याच्या कारखान्यात नवा संगणक बसत होता, खोलीएवढा. भट्टीचं तापमान, ओतलेला माल, सगळे आकडे कार्डांना भोकं पाडून त्यात भरायचे. आकडे चुकीचे येत होते आणि ते का, हे शोधायला मी गेले. तिथल्या मुकादमानं मला विश्वासात घेऊन सांगितलं, "बाई, आकडे आम्हीच खोटे देतो. खरे दिले तर वरचे भट्टी आणखी तापवायला लावतील. आतलं अस्तर जुनं झालंय, फुटलं तर माणसं वितळतील." मी शब्द दिला की कुणाला सांगणार नाही. वहीत मात्र लिहिलं, त्याच्या नावासकट, कारण संशोधनाला टिपणं लागतात.

व्यवस्थापकानं माझी वही मागितली. गोड बोलून. "तुमच्या अभ्यासानं यंत्रणा सुधारेल." मी दिली. मला कौतुक वाटलं होतं की कुणीतरी वाचतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटताना फाटकाशी व्यवस्थापकाच्या चौघा गुंडांनी मुकादमाला धरलं. दोन्ही हात दगडावर ठेवले आणि मनगटांवर लोखंडी सळ्या घातल्या. मी वीस पावलांवर होते. तो ओरडला नाही. त्यानं मान वळवून गर्दीत मला शोधलं.

तासाभरात कामगार संगणकाच्या खोलीवर तुटून पडले. कार्डांना भोकं पाडणारी एक मुलगी माझ्या डब्यातलं खायची, मी तिच्या. ती घाबरून कपाटात लपली. बाहेरच्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी आग लावली.

माझ्या निबंधात याला "विरोधाचे टोकाचे रूप" म्हटलं आहे. मुकादमाचे हात त्यात कुठेच नाहीत. ती मुलगी तळटीपेत आहे: "एक अपघाती मृत्यू." त्या निबंधावर मला नोकरी मिळाली, मान मिळाला, आणि त्याच्या आधारानं जगभर किती लोकांनी किती मुकादमांची नावं लिहून दिली असतील, ते मोजायची माझी हिंमत नाही.

नंतरची वीस वर्षं मी वर्गात घसा कोरडा करून सांगत आले, कामगारांच्या शेजारी बसा, त्यांच्याबरोबर यंत्रणा घडवा. विद्यार्थी म्हणायचे, बाईंचे विचार काळाबरोबर किती बदलत गेले. विचार कसले बदलतायत? मी प्रायश्चित्त घेत होते, आणि तेही फुकटात.

चौकशीत "कर्मचाऱ्यांचा विरोध" हे शब्द तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. आणि जमादार शुद्धीवर आले की त्यांच्यासमोर जा.

आत्या

१० एप्रिल

ती. आत्या,

गेले होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मेलेल्या शिपायाचा भाऊ बसला होता. मला ओळखून उठला, गळा धरून भिंतीला दाबलं. "माझ्या भावाला मशीननं मारलं की तू?" श्वास बंद झाला होता. मला उत्तर द्यायचं होतं, पण देता येत नव्हतं. दोन वॉर्डबॉयनी त्याला ओढला. मानेवर पाच बोटं उमटलीत, आई विचारते तेव्हा ओढणी सावरते.

जमादारांच्या डोक्याला एकोणतीस टाके आहेत. डावी बाजू लुळी पडली आहे, बोलणं जड झालंय. मी सांगितलं: काका, कागद मी दिला, बाकावरही मीच बसवलं होतं. ते म्हणाले, "बाकाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझे हात बघितले."

मग त्यांनी बायकोला चहा आणायला पाठवलं आणि मला खुणांचा अर्थ सांगितला. सगळा. तासभर लागला.

कोणती खूण कशाची, हे मी तुलाही लिहिणार नाही. एवढंच सांगते. बऱ्याचशा खुणा साध्या आहेत: हा झोपेत ओरडतो, याला कोपऱ्यातली जागा द्या, या दोघांच्या गावांत जुनं वैर. पण एक खूण अशा लोकांची आहे ज्यांनी कधी ना कधी जमादारांच्या कानाशी लागून सांगितलंय, उद्या अमक्यावर हल्ला आहे, तमक्याकडे हत्यार आहे. त्यांच्यामुळे किती जीव वाचले याची नोंद कुठेच नाही. आणि ज्यांच्याविरुद्ध सांगितलं त्यांच्या बराकीत त्यांना कधीच ठेवायचं नाही, हे एकट्या जमादारांनी सव्वीस वर्षं सांभाळलं. शिंपी त्यांच्यापैकी होता. मागच्या वर्षी त्यानं एकाचा जीव वाचवला होता. चौथ्या बराकीत त्याची वाट बघणारे तिघे बसले होते.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? निदान साहेबांना?

"पोरी, साहेबांच्या टेबलावरचा कागद संध्याकाळपर्यंत बराकीत पोचतो. शिपायांपैकी कोण विकला गेलाय, मलाही माहीत नाही. मशीन किती जण बघतात?"

एकोणीस जण, आत्या. एकोणीस जणांकडे पासवर्ड आहेत. मी स्वतः दिलेत.

आता पेच ऐक. चौकशी बसली आहे. साहेबांचं म्हणणं, जमादारांनी माहिती दडवली म्हणून माणसं मेली. त्यांना बडतर्फ करून खटला भरायचा विचार आहे. माझ्या कंपनीलाही तेच सोयीचं, मालकांनी अहवाल लिहून तयार ठेवलाय, फक्त सही मागतात. वही पुराव्यात जमा आहे. चौकशीत मी उभी राहून खुणांचा अर्थ सांगितला तर जमादार त्याच क्षणी सुटतील, उलट सत्कार होईल. पण वही सगळ्यांसमोर उघडी आहे. कोणती खूण कशाची हे कळलं, की त्या खुणेपुढची नावं कुणीही वाचेल. ती माणसं अजून आतच आहेत.

जमादारांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर आहे. "शपथ घे," म्हणाले.

मी घेतली. बरोबर केलं का?

बारकी

२१ एप्रिल

चि. बारकीस,

हे पत्र शेजारच्या बाई लिहीत आहेत, मी सांगतेय. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, त्यामुळे वाचायला तुला सुख.

निबंध दुरुस्त करावा म्हणून मी त्या मासिकाला लिहिलं. संपादकांनी कळवलं, एवढ्या जुन्या लेखात दुरुस्ती करण्याची पद्धत नाही, शिवाय तो फार मोलाचा मानला जातो. म्हणून मी मुकादमाला शोधत गेले.

म्हातारा जिवंत आहे. ब्याऐंशी वर्षांचा. दोन्ही मनगटं वाकडी, पेला तळव्यांत दाबून धरतो. मुलीनं खुर्ची दिली. त्यानं मला ओळखलं नाही. मी सांगितलं, मी ती वहीवाली. त्यानं पेला खाली ठेवला आणि विचारलं, "लिहायचा हात कुठला?"

मी उजवा पुढे केला.

काठी त्याला नीट धरता येत नाही, म्हणून दोन्ही कोपरांत दाबून उचलली. पहिली हुकली. दुसरी बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याच्या आधी कळला, कारण तो मी पूर्वी ऐकलेला. मुलगी किंचाळत आली. तो धापा टाकत बसला होता आणि म्हणत होता, "मला वाटलं होतं, याने बरं वाटेल." बरं वाटलं नव्हतं बिचाऱ्याला. मग तो रडला. डॉक्टरांना मी जिन्यावरून पडले असं सांगितलं आहे. (बाई इथे लिहायच्या थांबल्या होत्या. लिहा म्हटलं, लिहा.)

तू विचारतेस, बरोबर केलं का. चाळीस वर्षांच्या अभ्यासानंतर मला एवढंच सांगता येतं: माणसानं विश्वासानं दिलेलं यंत्रणेत घालता येत नसेल, तर यंत्रणा अपुरी ठेवावी. पण त्याची किंमत कुणीतरी भरतं, आणि तू भरायला तयार झालीस म्हणून दुसऱ्या कुणाला भरावी लागणार नाही, असं समजू नकोस.

तुझी,
आत्या

६ मे

ती. आत्या,

हात कसा आहे? बाबांना जिन्याचीच गोष्ट सांगितली आहे. "या वयात जिने कशाला चढते," म्हणत ते तिकीट काढायला गेले.

चौकशी काल संपली. मी मालकांच्या अहवालावर सही केली नाही. माझा स्वतःचा जबाब दिला: बाकावर मी बसवलं, कागद मी दिला, जमादारांनी शिंप्याला हलवू नका म्हणून तोंडी सांगितलं होतं तरी मी हलवलं, महिनाभर बसायचं होतं तिथे चार दिवस बसले. चौकशीच्या प्रमुखांनी वही पुढे सरकवली. "या खुणांचा अर्थ काय?"

खोलीत नऊ माणसं होती. दाराशी दोन शिपाई. मी त्यांचे हात बघायचा प्रयत्न केला. मला काही कळलं नाही. जमादारांना कळलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही."

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या जमादारांना विचारलं. ते म्हणाले, "वय झालं, साहेब. आठवत नाही." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

निकाल असा: जमादार बडतर्फ, माहिती दडवल्याबद्दल. खटल्याचं नंतर ठरेल. माझी नोकरी गेली आणि यापुढे सरकारी काम नाही. साहेबांची बदली, याहून मोठ्या तुरुंगावर. यंत्रणा "सुधारणा करून" चालू राहणार.

जायच्या आधी मात्र एक केलं. माझा पासवर्ड माझ्या जबाबाच्या आदल्या दिवसापर्यंत चालू होता. चाचणीच्या नावाखाली मी एकशे चाळीस माणसांच्या बराकी बदलल्या. त्यातले बहुतेक उगाच बदलले, कुणाला माग लागू नये म्हणून. ज्यांना खरंच हलवायचं होतं, ज्यांची नावं जमादारांनी त्या तासातच सांगितली होती, ते त्या गर्दीत मिसळून गेले. किती होते, हे विचारू नकोस. आज सकाळपर्यंत सगळे जिवंत आहेत, एवढी बातमी मी रोज काढते.

काल बाहेर पडले तेव्हा पायऱ्यांखाली जमादारांची बायको खुर्ची धरून उभी होती. ती सरळ माझ्यापाशी आली आणि सगळ्या आवारासमोर माझ्या मुस्काटात मारली. मग दुसरी. तिच्या बांगडीनं ओठ फाटला. "चहा आणायला पाठवलं म्हणून मला काही कळत नाही वाटतं? दाराशी उभी होते मी. शब्द कळले नाहीत, पण सांगितलं होतं त्यांनी तुला! एक शब्द बोलली असतीस तर माझा माणूस ताठ मानेनं घरी आला असता. स्वतःची कातडी वाचवलीस. सव्वीस वर्षं खाल्ली या जागेनं, आणि वर चोर ठरवलंत त्याला."

दोन वकील थांबून बघत होते. जमादारांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पुरे कर," एवढंच ते तिला म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

तिला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिनं ते नवऱ्यासाठी चव्हाट्यावर ओरडून सांगितलं असतं, मीही सांगितलं असतं तिच्या जागी. तोंडात रक्त जमलं होतं. ते गिळलं आणि तिनं तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी तशीच उभी राहिले.

तुझी,
बारकी